पाळत आणि देखरेख



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही 'अमेरिकेतील स्थलांतरितांची मुले, सरकारची यंत्रे आणि तेथील कायदेमंडळ' असे लांबलचक नाव सांगितले. चालकांपैकी एक वडीलधारे गृहस्थ हसून म्हणाले, "अहो, तुम्ही विडी कामगारांत आणि यंत्रमागवाल्यांत वावरणारे मनुष्य. बोनसवर बोला म्हटले तर दोन तास बोलाल. अमेरिकेतल्या पोरांशी तुमचा काय संबंध?"

प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तरही आधीच द्यावयास हवे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, शब्दकोश उघडा ठेवून. ह्या तीस वर्षांच्या धडपडीत आम्ही एक गोष्ट मात्र पक्की शिकलो. मालक तोंडाने काय सांगतो त्याला किंमत नाही. मस्टर टेबलावर आले म्हणजे खरे काय ते कळते. कामगार न्यायालयात आमचा पहिला अर्ज नेहमी हाच असतो, की हजेरीपट हजर करा. अमेरिकेतील ह्या प्रकरणाचे कागद वाचताना आम्हांस वाटले, की तेथेही हाच अर्ज चालला आहे. फरक इतकाच, की तेथे मालकाच्या जागी सरकार आहे, आणि हजेरीपट मुलांचा आहे.

एक खुलासा प्रथम करतो. काँग्रेस म्हटले की आपल्याकडे पक्ष डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत काँग्रेस म्हणजे तेथील संसद. तिची दोन सभागृहे, प्रतिनिधिगृह आणि सेनेट. आपल्याकडे मंत्री हे संसदेचेच सभासद असतात. तेथे तसे नाही. राष्ट्राध्यक्ष निराळा निवडला जातो, त्याचे मंत्री सभागृहात बसत नाहीत, त्यामुळे रोजच्या प्रश्नोत्तराच्या तासाला त्यांना धारेवर धरता येत नाही. म्हणून तेथील कायदेमंडळाने समित्या नेमल्या, आणि त्या समित्यांमार्फत सरकारवर नजर ठेवण्याची रीत पडली. ह्या नजर ठेवण्याला आपण देखरेख म्हणू. सरकार जी नजर माणसांवर ठेवते, तिला पाळत म्हणू. आजचा सगळा विषय ह्या दोन शब्दांतील अंतराचा आहे.

आता मूळ हकीकत.

अमेरिकेच्या दक्षिण सरहद्दीवर मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर अशा देशांतून माणसे येतात. कोणी कामासाठी येतो, कोणी गुंडांच्या टोळ्यांच्या भीतीने येतो. कित्येक मुले एकटीच येतात. सरकार अशा मुलांना कोंडून ठेवीत असे. त्यावरून १९८५ साली कॅलिफोर्नियात दावा लागला. एका मुलीच्या आडनावावरून तो फ्लोरेस दावा म्हणून प्रसिद्ध आहे. बारा वर्षांनी, १९९७ साली, त्यात तडजोड झाली. सरकारने लिहून दिले, की मुलांना सुरक्षित आणि स्वच्छ जागी ठेवू, विनाकारण विलंब न लावता आईबाप किंवा नातेवाईक ह्यांच्या स्वाधीन करू, आणि तोवर शक्य तितक्या मोकळ्या वातावरणात ठेवू.

२००२ साली काँग्रेसने कायद्याने आणखी एक गोष्ट केली. सोबत कोणी नसलेल्या मुलांचा सांभाळ तिने पोलिसी कामाच्या खात्याकडून काढून आरोग्य व मानवसेवा खात्यातील निर्वासित-पुनर्वसन कचेरीकडे दिला. विचार असा, की जो पकडतो त्यानेच पाळू नये. २००८ साली दुसरा कायदा झाला. सरहद्दीच्या शिपायांनी असे मूल सापडल्यापासून, अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास, ७२ तासांच्या आत त्या कचेरीच्या स्वाधीन केले पाहिजे, असे त्यात ठरले. कायदे चांगले होते. आपणांस ठाऊकच आहे, की कायदा चांगला असला म्हणजे काम संपत नाही. तेथून ते सुरू होते.

२०१८ च्या एप्रिलमध्ये तेथील महान्यायवादी जेफ सेशन्स ह्यांनी 'शून्य सहनशीलता' धोरण जाहीर केले. परवान्यावाचून सरहद्द ओलांडणे हा तेथे पूर्वीपासूनच किरकोळ गुन्हा आहे. पहिल्या खेपेस जास्तीत जास्त सहा महिने कैद. पण लेकुरवाळ्या माणसांवर सहसा खटले भरीत नसत. आता सर्वांवर भरावयाचे ठरले. बाप खटल्यासाठी तुरुंगात गेला. तुरुंगात मूल ठेवता येत नाही. मग ते मूल कागदोपत्री 'सोबत कोणी नसलेले' झाले, आणि २००८ च्या कायद्याचे बोट धरून ७२ तासांत दुसऱ्या खात्याकडे रवाना झाले. जे कायदे एकट्या मुलाच्या रक्षणासाठी केले, तेच लावून आईच्या हातातले मूल एकटे करण्यात आले. पुष्कळ आईबापांचा खटला एक-दोन दिवसांत आटपे, आणि ते परत येऊन पाहतात तो मूल शेकडो मैल दूर गेलेले असे.

त्या वर्षी २० जूनला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प ह्यांनी ही ताटातूट थांबविण्याचा हुकूम काढला. २६ जूनला सान डिएगोच्या न्यायालयात न्यायाधीश डेना सॅब्रॉ ह्यांनी निकाल दिला, की पाच वर्षांखालील मुले १४ दिवसांत आणि बाकीची ३० दिवसांत आईबापांस परत करा. आता खरी पंचाईत उभी राहिली. कोणते मूल कोणाचे, हेच सरकारला नीट सांगता येईना.

येथे जरा थांबावे. आमच्या भागात कापडाचा गठ्ठा एका गावाहून दुसऱ्या गावी जातो, तेव्हा त्यावर नंबर असतो, बरोबर बिल्टी असते, आणि पोचल्याची सही असते. गठ्ठा हरवला तर कोणाच्या हातून हरवला हे दिवसाभरात कळते. त्या देशाच्या गृहसुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१९ च्या नोव्हेंबरात आपल्याच खात्यावर अहवाल दिला. त्यात म्हटले आहे, की ताटातूट झालेल्या कुटुंबांचा माग ठेवण्यास लागणारी संगणकाची सोय खात्याजवळ नव्हती. शिपायांनी आपापल्या परीने तात्पुरत्या युक्त्या करून नोंदी केल्या, आणि त्यांत चुका झाल्या. ह्याहून वाईट गोष्ट अशी, की २०१७ साली एल पासो येथे हाच प्रयोग लहान प्रमाणावर करून पाहिला होता, आणि ही उणीव त्याच वेळी ध्यानात आली होती. तरीही धोरण देशभर लागू झाले. मे ते सप्टेंबर ह्या अवधीत २६,००० हून अधिक मुले वेगळी करावी लागतील, असा अंदाज खात्यातीलच अधिकाऱ्यांनी केला होता. म्हणजे किती मुले तोडावी लागतील ह्याचा हिशेब आधी झाला होता, पण ती परत कशी जोडावयाची ह्यासाठी वहीत रकाना आखलेला नव्हता.

न्यायालयासमोर प्रारंभी २,७३७ मुलांची यादी आली. २०१९ च्या जानेवारीत आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी सांगितले, की धोरण जाहीर होण्याच्या आधीपासूनच आणखी हजारो मुले वेगळी केली गेली होती, आणि त्यांचा नक्की आकडा कोणासच ठाऊक नाही. पुढे नेमलेल्या पथकाच्या गणतीत हा आकडा चार हजारांच्या वर गेला. वर्षे लोटली तरी शेकडो मुलांची भेट झाल्याची खात्री कागदावर मिळाली नव्हती.

आता प्रश्न असा, की ह्यात कायदेमंडळाने काय केले? देखरेखीची हत्यारे कोणती, ती आपण एकेक करून पाहू.

पहिले हत्यार, आपल्या पायांनी जाऊन पाहणे. २०१८ च्या जूनमध्ये ऑरेगन राज्याचे सेनेटर जेफ मर्कली टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल येथे गेले. वॉलमार्टच्या एका जुन्या प्रचंड दुकानात सुमारे दीड हजार मुलगे ठेवले होते. सेनेटरना दारातूनच परत फिरविले गेले, आणि पोलीस बोलाविले गेले. गिरणीच्या फाटकावरून परत फिरलेल्या कोणाही कामगार कार्यकर्त्यास हे दृश्य समजावून सांगण्याची गरज नाही. पण त्या फाटक बंद होण्याचाच परिणाम झाला. २०१९ च्या डिसेंबरात संमत झालेल्या खर्चाच्या कायद्यात असे कलम आले, की स्थलांतरितांना ठेवण्याच्या जागी पाहणीसाठी आलेल्या काँग्रेसच्या सभासदास अडविण्याकरिता गृहसुरक्षा खात्याला सरकारी पैसा वापरता येणार नाही.

दुसरे हत्यार, सभागृहातील आवाज. त्याच जूनमध्ये एका ठाण्यात कोंडलेल्या मुलांच्या रडण्याची ध्वनिफीत वर्तमानपत्री जगात बाहेर आली. २२ जूनला प्रतिनिधिगृहात टेड ल्यू ह्या सभासदांनी ती भर सभेत लावली. सभागृहाच्या शिस्तीचा भंग होतो म्हणून अध्यक्षस्थानावरून ती बंद करण्यास सांगण्यात आले. शिस्तीचा नियम असेल, आम्ही त्याविषयी तक्रार करीत नाही. पण जे ऐकावयाचे नाही म्हणून ठोकळा आपटला गेला, ते इतिवृत्तात कायमचे राहिले.

तिसरे हत्यार, हुकमाने कागद मागविणे. २०१९ च्या जानेवारीत प्रतिनिधिगृहातील बहुमत बदलले, आणि बाल्टिमोरचे एलायजा कमिंग्ज देखरेख समितीचे अध्यक्ष झाले. ह्यांचे आईबाप दुसऱ्याच्या शेतावर वाट्याने राबणारे. फेब्रुवारीत समितीने न्याय, गृहसुरक्षा आणि आरोग्य अशा तीन खात्यांवर समन्स काढण्याचा ठराव केला. मागणी साधी होती: प्रत्येक मुलाची नोंद दाखवा, वेगळे कधी केले, कोठे ठेवले, परत कधी दिले. मस्टर दाखवा, दुसरे काय? जुलैत समितीचा अहवाल निघाला. त्यावरून समजले, की दोन वर्षांखालील निदान १८ तान्ही मुले आईबापांपासून वीस दिवसांपासून ते सहा महिन्यांपर्यंत दूर राहिली होती. त्याच जुलैत गृहसुरक्षा खात्याच्या प्रमुखांस समितीपुढे शपथेवर उत्तरे द्यावी लागली. कमिंग्ज त्याच ऑक्टोबरात वारले.

चौथे हत्यार, तपासनीस. खात्यातच बसणारे पण काँग्रेसलाही अहवाल देणारे महानिरीक्षक, आणि काँग्रेसच्या स्वतःच्या हाताखाली असणारी, सरकारी कामाची तपासणी करणारी कचेरी. २०१९ च्या जुलैत महानिरीक्षकांनी टेक्सासमधील रिओ ग्रांदे खोऱ्यातील ठाण्यांचा इशारेवजा अहवाल दिला. तेथे असलेल्या २,६६९ मुलांपैकी ८२६ मुले ७२ तासांची मुदत उलटून गेल्यावरही तेथेच होती. शंभरात एकतीस. ह्या एका आकड्याने जे काम केले, ते दहा भाषणांनी झाले नसते. त्याच सुमारास वरिष्ठ न्यायालयात सरकारी वकील वाद घालीत होते, की 'सुरक्षित आणि स्वच्छ' ह्या शब्दांत साबण आणि दात घासण्याचा ब्रश येतोच असे तडजोडीत कोठे लिहिले आहे? ऑगस्टमध्ये न्यायालयाने तो वाद फेटाळला. मजूर कायद्यात 'पिण्याचे पाणी' असे लिहिले असता पेला लिहिलेला नाही म्हणून भांडणारे मालक आम्ही पाहिले आहेत. म्हणून आम्हांस त्या वकिलाचे फारसे नवल वाटले नाही.

पाचवे हत्यार म्हणजे थैलीची दोरी. हे सर्वांत बळकट, आणि येथेच आपल्या विषयाचा दुसरा भाग, म्हणजे पाळत, आत येतो. म्हणून ते जरा सावकाश सांगतो.

कचेरीत ठेवलेले मूल सोडवावयाचे तर कोणी तरी नातेवाइकाने पुढे यावे लागते. मामा, मावशी, थोरला भाऊ. पुष्कळदा ह्या नातेवाइकाजवळही कागदपत्रे नसतात. २०१८ च्या एप्रिलमध्ये दोन खात्यांत करार झाला. मूल न्यावयास येणाऱ्याच्या आणि त्याच्या घरातील सर्व प्रौढ माणसांच्या बोटांचे ठसे घ्यावयाचे, आणि ती माहिती हद्दपारीचे काम करणाऱ्या खात्याला द्यावयाची. सांगण्यास कारण चांगले होते: मूल वाईट माणसाच्या हाती पडू नये. कारण खोटे आहे असेही कोणी म्हणणार नाही. परंतु झाले काय? पुढे आलेल्या माणसांपैकी १७० जणांना काही महिन्यांत अटक झाली, आणि त्यांतील बहुतेकांच्या नावावर दुसरा कोणताही गुन्हा नव्हता. ही बातमी वस्त्यावस्त्यांतून पसरली. मामा, मावशी येईनाशी झाली. त्या डिसेंबरात कोंडलेल्या मुलांची संख्या पंधरा हजारांच्या जवळ पोचली, आणि टेक्सासच्या वाळवंटातील टॉर्निलो येथील तंबूंचे गाव वाढत गेले. मुलांच्या हितासाठी म्हणून गोळा केलेल्या ठशांनी मुलांचीच सुटका अडविली.

तेव्हा काँग्रेसने थैलीची दोरी ओढली. २०१९ च्या फेब्रुवारीतील खर्चाच्या कायद्यात कलम घातले, की आरोग्य खात्याकडून मिळालेल्या अशा माहितीवरून मूल न्यावयास आलेल्या माणसाला पकडण्यासाठी वा हद्दपार करण्यासाठी, काही गंभीर गुन्ह्यांचे अपवाद सोडून, गृहसुरक्षा खात्याने पैसा खर्च करू नये. मूळ करार २०२१ च्या मार्चमध्ये रद्द झाला. पण गोष्ट येथे संपत नाही. २०२५ च्या मार्चमध्ये नव्या सरकारने, नातेवाइकाच्या स्थलांतराच्या कागदांविषयीची माहिती पोलिसी खात्याला देण्यास असलेली नियमातील मनाई काढून टाकली, आणि वाद पुन्हा न्यायालयात गेला. त्याच वर्षी, पाहणीसाठी येण्याआधी सात दिवस नोटीस द्या असे सांगून काँग्रेसच्या सभासदांना फाटकावर अडविण्यात आले, आणि त्यांनाही न्यायालयात जावे लागले. मिळविलेला हक्क पेटीत कुलूप लावून ठेवता येत नाही, हे आम्ही प्रत्येक वेतनकराराच्या वेळी अनुभवतो.

आता यंत्रांकडे वळू. चेहरा ओळखणारे यंत्र आपण सर्वांनी निदान मोबाइलात तरी पाहिले आहे. ते डोळे, नाक, हनुवटी ह्यांतील अंतरांपासून आकड्यांची एक माळ तयार करते, आणि ती माळ साठवलेल्या माळांशी ताडून पाहते. यंत्र 'हा तोच' असे कधीच निश्चित सांगत नाही. 'हा तोच असण्याचा संभव इतका' एवढेच सांगते. मर्यादा कोठे ठेवावयाची हे माणूस ठरवतो. २०१९ साली उघडकीस आले, की हद्दपारीचे खाते मोटार चालविण्याच्या परवान्यांच्या फोटोंत अशा यंत्राने शोध घेत होते. काही राज्यांनी कागद नसलेल्या माणसांनाही परवाने दिले होते. माणूस परवाना काढतो तो गाडी चालविण्यासाठी. त्याचा चेहरा ह्या तपासात उभा केला जाईल असे त्याला कोणी सांगितलेले नसते. कमिंग्ज ह्यांच्या समितीने त्या वर्षी मे आणि जूनमध्ये ह्याच विषयावर सुनावण्या घेतल्या होत्या. तेथे दोन्ही पक्षांचे सभासद एका सुरात बोलले, ही त्या देशात आता दुर्मिळ झालेली गोष्ट.

त्या डिसेंबरात अमेरिकेच्या मापन-मानक संस्थेने ९९ निर्मात्यांच्या १८९ यंत्रपद्धतींची परीक्षा जाहीर केली. पुष्कळ पद्धतींत आफ्रिकी आणि पूर्व आशियाई चेहऱ्यांच्या बाबतीत, एकाला दुसरा समजण्याची चूक गोऱ्या चेहऱ्यांच्या मानाने दहापट ते शंभरपट अधिक आढळली. अगदी वृद्ध माणसे आणि लहान मुले ह्यांच्या बाबतीतही ही चूक वाढते असे दिसले. म्हणजे ज्यांना आपली बाजू मांडता येत नाही, त्यांच्याच बाबतीत यंत्र अधिक चुकते.

२०२१ च्या जूनमधील अहवालासाठी काँग्रेसच्या तपासणी-कचेरीने ४२ सरकारी विभागांना विचारले, की तुम्ही असे यंत्र वापरता काय? वीस विभागांनी होय म्हटले. त्यांपैकी चौदा विभाग बाहेरच्यांची, म्हणजे राज्यांची किंवा खाजगी कंपन्यांची यंत्रे वापरीत होते. त्या चौदांपैकी तेरा विभागांना आपले नोकर कोणती बाहेरची यंत्रे वापरतात ह्याचा पत्ताच नव्हता! ज्यांनी दुसऱ्यांवर पाळत ठेवावयाची, त्यांची स्वतःवर देखरेख अशी.

दुसरे यंत्र खिशातले. कोंडून ठेवण्याऐवजी स्थलांतरितास सोडावयाचे, पण त्याच्या घोट्याला जागा दाखविणारे कडे अडकवावयाचे, किंवा मोबाइलात एक सोय घालून त्याच्याकडून ठरल्या वेळी स्वतःच्या चेहऱ्याचा फोटो मागवावयाचा. २०२२ च्या अखेरीस ह्या योजनेखाली तीन लाखांहून अधिक माणसे होती. कोठडीपेक्षा हे बरे, असे पुष्कळ म्हणतात, आणि आईला मुलाजवळ राहता येते हे खरेच आहे. परंतु फोनची बॅटरी संपली की आईचा जीव उडतो, हेही तितकेच खरे. अशा सोयीच्या मागेही समितीचे प्रश्न लागले पाहिजेत: माहिती किती दिवस ठेवता? कोणाला देता? यंत्र चुकले तर तक्रार कोणाकडे?

यंत्र चुकले तर तक्रार कोणाकडे, ह्या प्रश्नाने आम्ही थेट सोलापुरात येतो. आमच्या परिचयाच्या एक वृद्ध विडी कामगार बाई आहेत. पन्नास वर्षे तेंदूची पाने कापून आणि तंबाखू भरून त्यांच्या बोटांच्या रेषा झिजून गेल्या. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा ठेवला, यंत्राने नाकारला. दुसरे बोट, तिसरे बोट, नाकारलेच. दुकानदार म्हणाला, "यंत्र म्हणतंय तुम्ही त्या नाही." बाई कचेरीत आल्या आणि आम्हांस म्हणाल्या, "दादा, मी मी नाही म्हणे. मग मी कोण?" आम्ही म्हणालो, "अक्का, तुम्ही बसा, चहा घ्या, आपण अर्ज करू." अर्ज झाला, चार खेपा झाल्या, काम झाले. पण आमच्या मनातून तो प्रश्न गेला नाही. जिने जन्मभर हातांनी काम केले, तिचीच बोटे पुरावा म्हणून निकामी ठरली. ज्या कोणी ते यंत्र बसविले त्याला विडी कामगारांचे हात ठाऊक नव्हते, आणि बसविण्यापूर्वी कोणी त्याला विचारलेही नव्हते.

आता एका कठीण मुद्द्याकडे येतो, कारण तो टाळला तर हे व्याख्यान एकतर्फी होईल. पाळत वाईट म्हणून सरकारने मुलांकडे पाहूच नये काय? २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत दुसऱ्या पक्षाचे सरकार होते. तेव्हा तेथील एका मोठ्या वर्तमानपत्राने दाखवून दिले, की नातेवाइकांकडे सोडलेल्या स्थलांतरित मुलांपैकी कित्येक कारखान्यांत आणि कत्तलखान्यांत राबत आहेत, आणि दोन वर्षांत ८५,००० मुलांशी सरकारला नंतर फोनवर संपर्क साधता आलेला नाही. त्याच महिन्यात तेथील मजूर खात्याने एका सफाई कंत्राटदार कंपनीला पंधरा लाख डॉलर दंड केला. त्या कंपनीने आठ राज्यांतील कत्तलखान्यांत तेरा ते सतरा वर्षांच्या १०२ मुलांना धोक्याच्या कामावर, कित्येकांना रात्रपाळीला, लावले होते. ह्यावरही काँग्रेसच्या समित्यांनी सुनावण्या घेतल्या, आणि ह्या खेपेस प्रश्न विचारणारे दुसऱ्या बाकांवरचे होते. ते चांगलेच झाले. देखरेख ही एका पक्षाची मिरास नव्हे.

तेव्हा मुलाकडे पाहिलेच पाहिजे. पण कोणत्या डोळ्यांनी? मूल शाळेत जाते का, जेवते का, कोणी त्याला रात्रपाळीला जुंपले आहे का, हे विचारण्यास घरी माणूस जातो, ती काळजी. त्याच घराचा पत्ता दुसऱ्या खात्याला देऊन पहाटे मामाला उचलतात, ती पाळत. पत्ता तोच, माहितीही तीच. फरक फक्त ती कशासाठी घेतली आणि कोणाच्या हाती गेली ह्यात आहे. हा फरक यंत्राला कळत नाही, आणि खात्याला कळला तरी सोयीचा नसतो. तो फरक राखणे हेच देखरेखीचे काम. २००२ साली 'जो पकडतो त्यानेच पाळू नये' असे ठरले होते त्याचे मर्म हेच. दोन खात्यांमधील ती भिंत पडली, की मुलाचे हित हे पकडण्याचे निमित्त होऊन बसते.

देखरेखीच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. मुलांना परत देण्याचा हुकूम न्यायालयाने २०१८ च्या जूनमध्ये दिला. समितीचे समन्स आले ते आठ महिन्यांनी, बहुमत बदलल्यावर. ज्या पक्षाचे सरकार त्याच पक्षाचे बहुमत असले, की समित्यांना डुलकी लागते. मग कोणी म्हणेल, न्यायालय आहे तर समिती कशाला? त्याचे उत्तर असे, की न्यायालय आपल्यापुढे आलेल्या दाव्यापुरते पाहते. हे का झाले, कोणी ठरविले, किती पैसा गेला, पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे, हे कायदेमंडळच विचारू शकते. न्यायखात्याच्या महानिरीक्षकांनी २०२१ च्या जानेवारीत नोंदविले, की ह्या धोरणाने मुले वेगळी होणार हे वरिष्ठांना आधी ठाऊक होते, आणि तरी तयारी केली गेली नाही. ह्या नोंदी झाल्या म्हणून, २०२३ च्या डिसेंबरात न्यायालयात जी तडजोड मंजूर झाली तिच्यात, पुढील आठ वर्षे असे धोरण पुन्हा आणता येणार नाही, हे लिहून घेता आले. कागद नसता, तर स्मृती तेवढी राहिली असती, आणि स्मृतीवर दावा चालत नाही.

आपल्याकडे ह्यातून काय घ्यावे? आपल्या संसदेतही लोकलेखा समिती आहे. तिच्यात बावीस सभासद असतात, आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. आपल्या महालेखापरीक्षकांनी २०२२ साली आधारच्या कारभाराचा अहवाल दिला. त्यात पाच वर्षांखालील मुलांना, बोटांचे ठसे घेतल्यावाचून, आधार पत्रे देण्यावर झालेला ३१० कोटी रुपयांचा खर्च टाळता आला असता असे म्हटले आहे. २०२३ साली आपल्या संसदेने माहिती-संरक्षणाचा कायदा केला. मुलांवर माग ठेवण्यास त्यात मनाई आहे. पण सरकारला आपल्या ज्या विभागांना हवे त्यांना कायद्यातून वगळण्याची सवलतही आहे. हे वाचले पाहिजे. दिवाळीनंतर बीडहून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांबरोबर जी मुले बैलगाडीत आणि ट्रॅक्टरवर बसून जातात, त्यांची नोंद कोणत्या वहीत होते, त्या वहीवर कोणाची सही असते, आणि ती वही शाळा उघडण्यासाठी वापरली जाते की आणखी कशासाठी, हे विचारले पाहिजे.

आमदार मते मागावयास येतात, तेव्हा आपण रस्ता, पाणी, दिवा मागतो, आणि ते योग्यच आहे. त्यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा अशी आमची विनंती आहे: "साहेब, आपण कोणत्या समितीवर आहात, आणि तिच्या बैठकीला गेल्या वर्षी किती वेळा गेलात?" भाषण सर्वांनाच येते. समितीत बसून चारशे पानांचा अहवाल वाचणारा आणि 'मस्टर दाखवा' म्हणणारा सभासद विरळा. असा सभासद निवडणे आणि निवडल्यावर त्याला झोपू न देणे हे काम मतदारांचे आहे.

त्या वडीलधाऱ्या गृहस्थांचा प्रश्न होता, की अमेरिकेतील मुलांशी तुमचा काय संबंध. संबंध एवढाच, की ताटातुटीचे दुःख समजावयास भाषांतर लागत नाही, आणि वहीत नसलेला रकाना कोणत्याही देशात सारखाच धोक्याचा असतो.